गुलाबी रंग बिलावर येऊ द्या

बोरिवलीच्या लोकमान्य टिळक रस्त्यावरच्या एखाद्या सराफाकडे लग्नसराईत घटकाभर बसलं, की हा प्रसंग पाहायला मिळू शकतो. मुलीला गुलाबी हिऱ्याची अंगठी हवी आहे आणि आईच्या डोक्यात सोन्याचा आजचा भाव आहे. दुकानदार ट्रे पुढे सरकवतो, पेनासारखं टेस्टर खड्यावर टेकवतो, टेस्टर बीप करतं. "ऐकलंत ना काकू? अस्सल!" काकूंची शंका फिटते.

ती इतक्यात फिटायला नको. टेस्टर खोटं बोलत नाही, पण ते बोलतं फार थोडं. खडा काचेचा किंवा झिरकॉनचा नाही, एवढंच त्याला कळतं. तो खाणीतून निघाला की यंत्रात तयार झाला, आणि त्याचा रंग उपजत आहे की मागाहून चढवलेला, याचा त्याला पत्ता नसतो. गुलाबी हिऱ्याची किंमत मात्र नेमकी याच दोन उत्तरांवर ठरते.

पिवळ्या हिऱ्याला रंग येतो नायट्रोजनमुळे, निळ्याला बोरॉनमुळे. बहुतेक नैसर्गिक गुलाबी हिऱ्यांत असा कुठलाही घटक रंगाला कारणीभूत नसतो. जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णतेखाली स्फटिक पिळवटतो, त्याच्या अणूंचे थर किंचित सरकतात आणि मग तो प्रकाशातला हिरवट भाग शोषून घेतो. आपल्या डोळ्यांपर्यंत येतो तो गुलाबी. गंमत अशी, की अशाच पिळवटण्यातून तपकिरी हिराही तयार होतो. म्हणजे दोघं सख्खी भावंडं.

या भावंडांची ताटातूट मुंबईच्या हिरेबाजाराला चांगलीच परिचयाची आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण १९८३ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बंद पडली. जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त गुलाबी हिरे तिथूनच येत. पण खाणीच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. बाकीचा बराचसा माल बारीक आणि तपकिरी. तो घासायला भारतात आला आणि त्यावर इथल्या हजारो कारागिरांच्या चुली पेटल्या. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात असेच बारीक हिरे जडवलेले दागिने बनत राहिले. निवडक गुलाबी खडे मात्र पर्थमध्ये पैलू पाडून दरवर्षी निविदा मागवून विकले जात.

आता खाणच बंद म्हटल्यावर विक्रेत्याच्या हाती आयतं वाक्य आलं : माल संपला, भाव वाढणारच! जोडीला 'प्रिन्सी'ची गोष्ट असतेच. निजामाकडचा हा ३४.६५ कॅरटचा गोवळकोंड्याचा गुलाबी हिरा १९६० मध्ये लंडनच्या लिलावात ४६ हजार पौंडांना गेला. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी गायकवाड यांच्या मुलाच्या लाडक्या नावावरून त्याचं बारसं झालं आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कला त्याला ३ कोटी ९० लाख डॉलरांच्या वर किंमत आली. गोष्ट खरी आहे. पण घाटकोपरच्या दुकानातला २० सेंटचा खडा भरतो ४० मिलिग्रॅम, आणि त्याच्यामागे ना निजाम आहे ना लिलावघर. सोनं मुलुंडला घ्या, अंधेरीला मोडा, त्या दिवसाचा भाव मिळतो. गुलाबी हिऱ्याचा असा रोजचा भाव कुठेच छापून येत नाही. एकाच वजनाच्या फिकट आणि गडद खड्यांच्या किमतीत कित्येक पटींचं अंतर असतं. तेव्हा हौस म्हणून जरूर घ्यावा, मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून नव्हे.

हौसेसाठी प्रयोगशाळेतला हिराही काही वाईट नाही. तो वायूपासून थरावर थर चढवून वाढवतात. बहुतेकदा त्याच्यावर किरणांचा मारा करतात, मग तापवतात, की गुलाबी रंग येतो. रासायनिकदृष्ट्या तो हिराच, किंमत मात्र नैसर्गिक गुलाबीच्या पासंगालाही पुरत नाही. तिसरा प्रकार जास्त फसवा : खडा खाणीतला, पण रंग प्रक्रियेने आणलेला. "नॅचरल आहे" हे वाक्य इथे अर्धंच खरं असतं.

डोळ्यांनाही फसवता येतं. रोझ गोल्डच्या कोंदणात फिका खडा गुलबक्षी दिसू लागतो, मागून बंद कोंदण असेल तर आणखीच. म्हणून खडा सुटा पाहावा, पांढऱ्या कागदाच्या घडीत, खिडकीजवळच्या उजेडात. दहापट मोठं दाखवणाऱ्या आयग्लासमधून त्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने कोरलेला बारीक आकडा असल्यास तो प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी जुळवावा. प्रमाणपत्रात रंगाची प्रत नंतर वाचावी. आधी शोधावी रंगाच्या उगमाची ओळ. नैसर्गिक की प्रक्रिया केलेला, ते तिथे लिहिलेलं असतं.

पण सगळी सावधगिरी गिऱ्हाइकानेच का बाळगायची? दागिन्यावरच्या हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेपुरता असतो, खड्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. तरी तो शिक्का पाहून अख्ख्या अंगठीवर विश्वास टाकणारे थोडे नाहीत. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, रंग उपजत की चढवलेला, वजन किती, प्रमाणपत्राचा क्रमांक काय, या चार गोष्टी प्रत्येक बिलावर असायलाच हव्यात. सराफांच्या संघटनांनी हे आपणहून करावं. त्यात प्रामाणिक दुकानदाराचं काहीच जात नाही.

पुढे भांडण झालं, तर पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात नेता येते. तिथे टेस्टरचा बीप पुरावा म्हणून चालत नाही, बिल चालतं. आणि काकूंनी घडी घालून पर्समध्ये ठेवलेल्या बिलावर लिहिलेलं असतं : पिंक डायमंड रिंग, १ नग.