मोडलेला बोल्ट

बऱ्हाणपुरात राहणाऱ्यास पाण्याचा अभिमान शिकवावा लागत नाही. अब्दुल रहीम खानखाना यांच्या अमदानीत, १६१५ सालच्या सुमारास, कुंडी भंडाऱ्याची योजना झाली आणि सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आले. शंभराहून अधिक कुंड्यांची ती रांग आम्ही आमच्या प्रत्येक पाहुण्यास दाखवितो. त्या भुयारांच्या भिंतींवर चढलेले चुन्याचे पांढरे थर मात्र आम्ही आजवर केवळ शोभेचे मानीत आलो. त्याच जातीचा चुना आमच्या घरच्या गाडीत काय करीत होता, हे या हंगामात आम्हांस कळले.

बुधवाऱ्यातील आमच्या घरासमोर धाकट्या पुतण्याची पिकअप गाडी उभी असते. केळीचे घड शेतातून उचलून व्यापाऱ्याकडे पोहोचविणे हा त्याचा व्यवसाय. गाडीचे हप्ते अजून फिटलेले नाहीत. ऐन हंगामात एके दुपारी इंजिन तापू लागले. थर्मोस्टॅट अडकला असावा, असा त्याचा तर्क होता आणि तो बरोबरही होता. थर्मोस्टॅटवरील झाकण दोन बोल्टांनी बसविलेले असते. एक बोल्ट निमूटपणे सुटला. दुसरा जागचा हलेना.

येथे आमची चूक सांगितली पाहिजे. पुतण्या म्हणाला, "काका, याला थोडा वेळ तेल घालून ठेवू." पहाटे पाच वाजता माल भरावयाचा होता, म्हणून आम्हीच म्हणालो, "पान्याला पाईप लाव." वीतभर पान्यास दोन फुटांचा पाईप लावला की हाताचा जोर तिपटीने वाढतो, हे आम्हांस ठाऊक होते. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास तेवढा जोर सोसत नाही, हे ठाऊक असूनही त्या घटकेला आठवले नाही. बारीकसा 'कट्' असा आवाज झाला, पाना एकदम सैल पडला आणि बोल्टाचे डोके पुतण्याच्या हाती आले. उरलेला तुकडा इंजिनाच्या हेडमध्ये होता. झाकण ठोकून काढले, तेव्हा तो पृष्ठभागावर जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा दिसला. पकडीला धरावयास काही नव्हते.

पुतण्या तत्काळ ड्रिल आणि ईझी-आउट घेऊन आला. हे ईझी-आउट म्हणजे उलट्या आट्यांची निमुळती सळई. मोडक्या बोल्टात भोक पाडून त्यात ती डावीकडे फिरवावयाची, म्हणजे ती घट्ट रुतते आणि बोल्टास घेऊन बाहेर येते, अशी कल्पना. परंतु गल्लीच्या टोकाशी राहणारे वयोवृद्ध उस्ताद आमच्या बोलावण्यावरून आले होते. त्यांनी पुतण्याच्या हातून ते अवजार काढून घेतले व आपल्या खिशात घातले. आपल्या बऱ्हाणपुरी हिंदीत ते जे बोलले, त्याचा आशय असा : हे अवजार फार कडक पोलादाचे आहे. जो बोल्ट पाईप लावूनही हलला नाही, तो याने हलेलच असे नाही; पण हे आत मोडले, तर त्यात साधे ड्रिल शिरणार नाही. आज बोल्ट मोडला आहे, उद्या हेड मोडाल. मग पुतण्याकडे वळून त्यांनी विचारले, "बेटा, रात्रभर थांबशील?"

प्रश्न साधा होता, पण थांबणे म्हणजे पहाटेची फेरी गमावणे. कापलेली केळी कोणासाठी थांबत नाहीत. पुतण्या काही वेळ बोलला नाही. नंतर त्याने शेजारच्या एका गाडीवाल्यास फोन केला आणि ती फेरी भाड्यासह त्याला देऊन टाकली. त्याचा तो पडलेला चेहरा आम्हांस पाहवेना, कारण पाईप लावण्याचा सल्ला आमचा होता.

त्या रात्री उस्तादांनी गंज सोडविणारे पातळ तेल बोल्टाच्या मुळाशी थेंब थेंब सोडले. दर अर्ध्या तासाने बारीक हातोडीने बोल्टावर ते हलके ठोके देत, म्हणजे तेल आट्यांतून आत उतरते. शहरातील मागांची खडखड दुरून ऐकू येत होती आणि हे गृहस्थ उकिडवे बसून ठोके मोजीत होते. मधल्या वेळात त्यांनी आम्हांस कारण समजावून दिले. हेड ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा. दोन निराळ्या धातूंमध्ये क्षारयुक्त पाणी झिरपले की लहानशा बॅटरीप्रमाणे क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. त्यात आपल्या पाण्याचा चुना. रेडिएटरमध्ये काय घालता, असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही दोघेही गप्प बसलो. कूलंट महाग म्हणून बोअरचे पाणीच आम्ही घालीत होतो.

सकाळी वेल्डिंगवाला आला. बॅटरीच्या तारा सोडल्या, कारण हल्लीच्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक पेटीस वेल्डिंगचा विजेचा झटका सोसत नाही. डिझेलच्या नळीवर ओले पोते टाकले व वाळूची बादली जवळ ठेवली. मग बोल्टाच्या त्या दाण्यावर एक नट ठेवून नटाच्या पोटातून वेल्डिंग भरले. पोलाद पोलादास जुळले. ॲल्युमिनियमला ते वेल्डिंग चिकटत नाही, ही यातील सोय. त्याहून मोठे काम उष्णतेने केले. बोल्ट तापून फुगला व निवताना आक्रसला, तेव्हा त्याच्याभोवतीची भुकटी फुटली. शिवाय ॲल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून भोकही किंचित सैल झाले.

नटाची लाली गेल्यावर उस्तादांनी पाना पुतण्याच्या हाती दिला. पाव फेरा डावीकडे, मग थोडा उजवीकडे, तेलाचा थेंब, पुन्हा डावीकडे. एकाच दिशेने नेटाने पिळले असते, तर तो पुन्हा मोडला असता. करकर आवाज करीत बोल्ट थोडा थोडा वर आला आणि अखेरीस नटासह हातात आला. पुतण्याने तो आमच्या तळहातावर ठेवला. आट्यांत पांढरा थर होता, अगदी कुंडी भंडाऱ्याच्या भिंतीवर असतो तसा.

वेल्डिंगनेही बोल्ट सुटला नसता, तर ड्रिलवाचून उपाय नव्हता. आमच्या तरुण वाचकांवर असा प्रसंग येईल, म्हणून उस्तादांनी सांगितलेली रीत येथे देतो. तुकड्याचे टोक कानशीने सपाट करावे, बरोबर मध्यावर पंच मारावा आणि आधी बारीक ड्रिल सरळ धरून चालवावे. भोक मध्यापासून ढळले, तर ड्रिल कठीण पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे पळते व हेडातील आटे खाऊन टाकते. उलट्या फेऱ्याचे ड्रिल मिळाल्यास उत्तम. कित्येकदा भोक पाडतानाच तुकडा सुटून येतो. आटे गेलेच, तर भोक मोठे करून त्यात तारेचे नवे आटे बसविता येतात. ते काम मात्र जाणत्या हाताचे आहे.

आमच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. टॅप फिरवून आटे साफ केले, नवा थर्मोस्टॅट, नवे बोल्ट घातले, आट्यांना न चिकटू देणारे ग्रीस लावले आणि पुस्तकात दिलेल्या मापानेच ते आवळले. रेडिएटर धुऊन त्यात कूलंट भरले. दुपारी गाडी शेताकडे गेली. उस्तादांनी मजुरी घेतली ती वेल्डिंगवाल्याच्या मजुरीहून कमी. रात्रभराच्या बैठकीचे काय द्यावे, असे आम्ही विचारले, तर म्हणाले, "रात्री तर तेल काम करीत होते, मी नुसता बसलो होतो."

त्या फेरीचे भाडे आम्ही पुतण्यास देऊ केले. त्याने घेतले नाही. कूलंटचा एक डबा मात्र आमच्याकडून घेतला.