खर्रा आणि हृदयविकार

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळील कुरकुंभच्या कारखान्यात मेफेड्रोनचा प्रचंड साठा पोलिसांच्या हाती लागला आणि 'एम्.डी.' ही दोन अक्षरे अमरावती-अकोल्याच्या पालकांच्याही तोंडी आली. त्यांची भीती रास्त आहे. हे द्रव्य नाडी व रक्तदाब एकाएकी वाढविते आणि प्रसंगी निरोगी तरुणाच्याही हृदयाची लय बिघडविते. २०१५ साली केंद्र सरकारने त्यास अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले, ते योग्यच झाले. परंतु उत्तेजक द्रव्य म्हणजे चोरट्या कारखान्यात तयार होणारी भुकटीच काय ती, असा जो समज या भीतीच्या आडून रूढ होऊ पाहत आहे, तो आम्हांस घातक वाटतो. चहा सोडला, तर आमच्या वऱ्हाडात सर्रास चालणारे उत्तेजक चौकाचौकांतील पानठेल्यांवर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटले जाते. त्याचे नाव खर्रा.

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेल्या या मिश्रणास 'ड्रग' म्हटले की सुशिक्षित माणूसही हसतो. पण त्यातील रसायन हसण्यासारखे नाही. तंबाखूतील निकोटीन शरीरात ॲड्रिनलिन व तज्जातीय द्रव्ये मोकळी करते; नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. हृदयाने अधिक काम करावे आणि त्यास प्राणवायूचा पुरवठा मात्र कमी व्हावा, असा हा उफराटा व्यवहार आहे. चुन्याचे कार्यही केवळ चवीपुरते नाही. त्याच्या क्षारतेमुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातून सुलभपणे रक्तात शिरते. विडीचा अंमल लवकर उतरतो. गालात धरून ठेवलेल्या खऱ्ऱ्याचा रेंगाळतो. सुपारी निरुपद्रवी असती, तरी एवढे पुरेसे होते. पण तिच्यातही ॲरिकोलिन हे मज्जासंस्थेस चाळविणारे द्रव्य असतेच.

हा केवळ तर्क नव्हे. भारतासह ५२ देशांतील सुमारे २७ हजार व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेला 'इंटरहार्ट' अभ्यासाचा तंबाखूविषयक भाग २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता तंबाखूस न शिवणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक, आणि चघळून वर धूम्रपानही करणाऱ्यांत सुमारे चौपट, असे त्यात आढळले. स्वीडनमधील ओठाखालच्या तंबाखूच्या पाहण्यांत धोका इतका दिसत नाही, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पण तेथील पुडीत सुपारी नसते आणि तंबाखूवरील प्रक्रियाही निराळी असते. त्या दाखल्यावर येथील माणसाने निर्धास्त होणे शहाणपणाचे नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करणारे आढळले; धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे सिगारेटपासून हृदय वाचविण्याचा जो उपदेश इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आला, तो आपल्या खऱ्या व्यसनाला जेमतेम स्पर्श करतो.

खऱ्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता खेड्यातील शाळकरी पोरासही ठाऊक आहे. त्या ज्ञानाचा एक विपरीत परिणाम झाला. तोंड उघडते आहे, गालात चट्टा नाही, तोवर आपण सुरक्षित, असे खाणारा समजतो. मग चाळिशीच्या आतला कोणी छातीत कळ येऊन कोसळला, की स्मशानातून परतताना कारणे शोधली जातात. कोणी ऊन म्हणतो, कोणी कर्जाची काळजी, कोणी करोनाच्या लशीवर ठपका ठेवतो. मृताच्या खिशातील पुडीची आठवण कोणालाच होत नाही. प्रत्येक मृत्यूचे खापर पुडीवर फोडावे, असे आम्ही म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब, आनुवंशिकता हीही कारणे आहेतच. पण ज्या कारणाची विचारपूसच होत नाही, त्याचा हिशेब लागणार कसा? 'सिगारेट ओढता काय?' एवढे विचारून थांबणाऱ्या डॉक्टरांस आमची विनंती आहे, की दिवसाला किती खर्रे, हेही विचारावे आणि केसपेपरवर लिहून ठेवावे.

खाणारा मूर्ख असतो, असे मात्र नाही. कापूस वेचणाऱ्या मजुराची भूक खर्रा मारतो, अमरावती-अकोला महामार्गावर रात्रभर ट्रक हाकणाऱ्याचे डोळे उघडे ठेवतो, परीक्षार्थ्यास जागवितो. नेमके हेच तर उत्तेजकाचे लक्षण! शरीर विश्रांती मागत असता त्यास ती नाकारण्याची ही युक्ती आहे आणि तिची किंमत हृदय चुकविते. कचेरीतील बाबूला यांपैकी एकही सबब नाही, तरी त्याच्या मेजाच्या खणातही पुडी असतेच.

२०१२ च्या जुलैत राज्य सरकारने गुटख्यावर बंदी घातली. ती वर्षावर्षाने वाढविली गेली आणि पुढील आदेशांत खऱ्ऱ्याचे नावही स्पष्ट घातले गेले. आदेशाच्या शब्दांत उणीव नाही. अडचण अशी, की गुटख्याचा ट्रक पकडता येतो, छायाचित्र छापता येते. खर्रा गिऱ्हाइकापुरता तेथल्या तेथे घोटला जातो, त्याचा साठा दिसतच नाही. म्हणून धाडीपेक्षा रोजच्या देखरेखीची येथे गरज आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थांच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई केली आहे. ते अंतर मोजण्यास नवा कायदा लागत नाही, टेप लागते. ज्या ठेलेवाल्यास उठवावयाचे, त्यास नगरपालिकेने वा महापालिकेने दुसरी जागा व दुसरा धंदा दाखवावा. त्याच्या पोटावर पाय देऊन हे काम टिकणार नाही. खाणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची निःशुल्क दूरध्वनीसेवा आहे. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, तेव्हा तिचा उपयोग करावा. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यापूर्वी प्रत्येक शाळा-महाविद्यालयाभोवतीचे ते शंभर यार्ड मोजून घ्यावेत आणि काय आढळले ते जाहीर करावे.