पाण्याची हद्द

नरक चतुर्दशीला पहाटे कोल्हापूरच्या शाहूपुरीत आधी मोटर सुरू होते, मग बंब पेटतो, फटाके त्यानंतर. नळाला पाणी आलंय का, हे बघायला उठलेल्या माणसाला उटण्याची आठवण उशिराच होते.

2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीला पोचलं आणि पुढाऱ्यांनी त्याच पाण्यानं अभ्यंगस्नान केलं. कित्येक निवडणुका ज्या मागणीवर लढल्या, ती एकदाची पुरी झाली. आनंद खराच होता. 2019 च्या महापुरात शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली, कुंभार गल्लीत पाणी शिरलं आणि चहूकडून पाण्यानं वेढलेलं हे गाव घागरी घेऊन टँकरपुढं उभं राहिलं. 2021 ला पुन्हा पूर आला. पंचगंगेवरच विसंबून चालणार नाही, हे पुरानंच शिकवलं.

पाईपलाईन आखताना 2045 सालची लोकसंख्या धरली आहे. पण आज आपण किती आहोत? 2011 च्या जनगणनेत 5,49,236. त्यानंतर मोजदादच नाही. 2021 ची जनगणना झाली नाही. माणशी 135 लिटर या सरकारी मापानं तेवढ्यांनाच रोज सव्वासात कोटी लिटरच्या वर पाणी लागतं. आणि गाव वाढलं ते हद्दीबाहेर: पाचगाव, उचगाव, कळंबा, मोरेवाडी. कामाला, शाळेला, दवाखान्याला ही माणसं शहरात येतात आणि पाण्याच्या कागदावर मात्र परकी होतात. 2017 मध्ये 42 गावांसाठी प्राधिकरण नेमलं, गावं शहरात घेण्याच्या हद्दवाढीचं भांडण तिथंच राहिलं. गावांना घरफाळ्याची भीती, शहराला जागेची हाव. आमच्या मते दोघांनी आधी पाण्याचा हिशेब एकत्र मांडावा, हद्द मग ठरवावी.

दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण मोठं आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. त्याच दूधगंगेचं पाणी सुळकूडहून इचलकरंजीला न्यायचं ठरलं, तर कागल भागातून केवढा विरोध झाला! उद्या आपण जादा पाणी मागू, तेव्हा नदीकाठचा शेतकरी पहिला प्रश्न शहरातल्या गळतीचाच विचारेल. आणि तो रास्तच असेल. पुईखडीपर्यंत पाणी आणणं हे मिरवण्यासारखं काम. गल्लीतला गंजका पाईप बदलण्याला कोण नारळ फोडणार?

पुढचं बघून पाण्याची सोय करणं या गावाला नवं नाही. शाहूपुरी पेठ शाहू महाराजांनी वसवली. 1901 साली कोल्हापूरची वस्ती जेमतेम 54 हजार होती. त्या काळात, 1907 मध्ये, त्यांनी राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. 1922 मध्ये महाराज गेले. पुरं झालेलं धरण त्यांनी पाहिलं नाही. आज गाव तेव्हाच्या दसपट झालं, तरी त्या धरणातून सुटलेलं पाणी भोगावतीतून पंचगंगेला येतं आणि आपण ते पितो. दिवाळीपुरता राजर्षींचा फोटो छापणाऱ्या आमच्यासारख्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवं.

महापालिकेत 2020 पासून काही वर्षं प्रशासकच होता. पुढच्या निवडणुका येतील, तेव्हा उमेदवार फराळाच्या निमित्तानं दारात उभे राहतील. चकली द्या, चहा द्या आणि दोनच गोष्टी विचारा: आमच्या गल्लीतली जलवाहिनी कोणत्या सालची आहे, आणि 2045 च्या हिशेबात पाचगाव धरलंय का?