फोन आला तर घ्यायला जा

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शे कारच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याआधी तो पबमध्ये दारू प्यायला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याला जामीन देताना घातलेल्या निबंध लिहिण्याच्या अटीवर आपण संतापलो, ते योग्यच होतं. पण महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, हे किती घरांत मुलांना सांगितलं जातं?

‘बाहेर पिण्यापेक्षा आमच्यासमोर घे’ ही समजूत मला धोक्याची वाटते. मुलाला त्यात परवानगीच ऐकू येते. शिवाय मुलाला दारू देणं हा बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नियम ठाम ठेवा. पण पार्टीत अडकलेल्या मुलाने मध्यरात्री फोन केला, तर न ओरडता त्याला घ्यायला जा. जाब सकाळी विचारा.