चॉकलेटसोबत वाईन गोडच हवी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की पुण्या-मुंबईच्या हॉटेलांच्या जाहिरातींत एक जोडी हमखास दिसते: लाल वाईनचा ग्लास आणि शेजारी डार्क चॉकलेट. दिसायला ती देखणी असते. चवीला मात्र बहुतेक वेळा फसते, आणि हौसेने आलेल्या जोडप्याला वाटतं की आपल्यालाच वाईनमधलं काही कळत नाही. दोष त्यांचा नसतो.

कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझचा एक घोट घेऊन बघावा. जांभूळ, आलुबुखार, किंचित मिरी असा स्वाद येतो. मग सत्तर टक्के कोकोच्या चॉकलेटचा तुकडा जिभेवर ठेवावा. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेनेच वितळतं आणि जिभेवर त्याचा थर बसतो. आता दुसरा घोट. मघाचं जांभूळ गायब, वाईन आंबट नि पातळ, हिरड्या खरखरीत. द्राक्षांच्या साली-बियांत तुरट टॅनिन असतात आणि कोकोही कडवट-तुरटच. दोन्ही मिळून तोंड आवळतात. त्यात चॉकलेटमधली साखर कोरड्या वाईनचा उरलासुरला गोडवा पुसून टाकते. पेढा खाऊन चहा प्यायला की चहा फिका लागतो, तसंच हे. वाईन समोरच्या गोड पदार्थाइतकी तरी गोड असावी, हा जुना नियम यातूनच आला.

दक्षिण फ्रान्समध्ये, स्पेनच्या सीमेला लागून बान्युल्स नावाचं गाव आहे. समुद्राकडे उतरणाऱ्या खडकाळ पायऱ्यांवर तिथे ग्रेनाश द्राक्षं पिकतात. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं स्पिरिट ओततात. यीस्ट थांबतं आणि द्राक्षांची साखर वाईनमध्येच उरते. मुरल्यावर तिला सुकं अंजीर, कॉफी आणि चक्क कोकोचा वास येतो. चॉकलेटसाठी जाणकार आधी हीच बाटली काढतात. पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातली पोर्टही याच पद्धतीने बनते. डार्क चॉकलेटसोबत रूबी पोर्ट आणि बदाम-काजू घातलेल्या चॉकलेटसोबत टॉनी पोर्ट सहसा निराश करत नाही. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून विकली जाणारी स्वस्त, गोड लाल वाईन ही डौरोची पोर्ट नव्हे. तरी साध्या मिल्क चॉकलेटसोबत ती महागड्या कोरड्या कॅबर्नेपेक्षा जास्त जमते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

खरी अडचण मानसिक आहे. वाईनची थोडी ओळख झाली की गोड वाईन म्हणजे नवशिक्यांचं पेय, असा समज पक्का होतो. तो चुकीचा आहे आणि नाशिकसारख्या जिल्ह्यावर अन्याय करणाराही. सुला वाइनरीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां याच जिल्ह्यातली. त्यासाठी द्राक्षं नेहमीच्या तोडणीनंतरही वेलीवर राखतात. पाणी आटतं, मणी सुकत जातात, साखर दाट होते. इतकी जोखीम घेऊन हाती रस येतो थोडाच. मध आणि पिकलेल्या आंब्याच्या अंगाने जाणारी ही वाईन पांढऱ्या किंवा मिल्क चॉकलेटसोबत छान बसते, कारण तिच्यात गोडीबरोबर आंबटपणाही टिकून असतो आणि तोंड गोडमिट्ट होत नाही. कडक डार्क चॉकलेटपुढे मात्र ती दबते.

व्हॅलेंटाइन डेच्या दिवसांत नाशिकमध्ये द्राक्षांची तोडणी ऐन भरात असते. अशा वेळी महाराष्ट्रातल्या हॉटेलांनी खास मेन्यूत लेट हार्वेस्ट ग्लासच्या हिशेबाने उपलब्ध ठेवावी. दोघांना जेवणानंतर एकेक छोटा ग्लास पुरतो, अख्खी बाटली घ्यायला लावण्याची गरज नाही. ती फ्रिजमधून काढून थंडच द्यावी, चॉकलेट मात्र अर्धा तास आधी बाहेर ठेवावं. गार चॉकलेट जिभेवर विरघळायला वेळ लावतं आणि तोवर वाईन संपलेली असते.