कालचा हात आज कुठे गेला?

“आज गळा लागला नाही”, “आज हात बसला नाही” ही वाक्ये आपल्या जुन्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतात, आणि ती उच्चारली की विषय संपला असे आपण मानतो. कोणी दृष्टीला दोष देतो, कोणी हवेला, कोणी सरस्वतीच्या लहरीला. कला असो वा खेळ, रोजच्या कमी-अधिकपणाकडे पाहण्याची ही आपली रीत मला घातक वाटते. ते मांडण्याचे निमित्त मात्र या खेपेस गाण्याने नव्हे, एका अगदी नव्या खेळाने पुरविले.

बिदरजवळच्या जनवाड्यास माझी बहीण दिली आहे. तिचा मुलगा संगणकावरचे नेमबाजीचे खेळ स्पर्धेसाठी खेळतो. वडीलधारे वाचक नाक मुरडतील, पण भारत सरकारने २०२२ च्या डिसेंबरात या ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले आणि २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या एशियाडमध्ये त्यांना पदकेही होती. पडद्याच्या मध्यभागी एक निशाणी असते. प्रतिस्पर्धी दिसताच हातातल्या माऊसने ती निशाणी क्षणार्धात त्याच्यावर न्यायची आणि कळ दाबायची, एवढाच खेळ. पण त्या एवढ्याशा गोष्टीपायी पोराची झोप उडाली आहे. “मामा, काल समदं लागलं, आज एक बी लागंना गेलं!” हे गाऱ्हाणे मी फोनवर कितीदा ऐकले असेल. मग तो माऊसचा वेग बदलतो, नवा माऊस मागतो, मध्यरात्र उलटेपर्यंत खेळत बसतो. त्याचे वडील म्हणतात, “येत नाही तर सोडून दे.” माझ्या मते बाप आणि लेक एकाच गैरसमजाचे धनी आहेत. चांगला दिवस म्हणजे आपली खरी तयारी आणि बाकीचे दिवस म्हणजे दुखणे, हा तो गैरसमज.

थोडा हिशेब करून पाहू. ज्याची खरी तयारी दर ३० वारांत १८ लागण्याची आहे, त्याचे रोज १८ च लागतील काय? मुळीच नाही. हातात, डोळ्यांत, झोपेत काहीही बिघाड नसतानाही एखादे दिवशी त्याचे १४ लागतील, एखादे दिवशी २२. नाणे तीस वेळा उडविले तर दर वेळी पंधराच छापे पडत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. २२ च्या दिवशी मुलगा स्वतःस उस्ताद समजतो आणि १४ च्या दिवशी माऊस फेकतो. वस्तुतः दोन्ही दिवशी तो एकच मुलगा असतो. तयारी वाढली की नाही हे एका संध्याकाळी कळत नाही, ते महिन्याच्या सरासरीवरून कळते.

आपल्या करवीरकरांना हे परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद जिंकले, ते ५० मीटर रायफलवर. या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. मघाशी उल्लेखिलेल्या त्याच हांगचौच्या एशियाडमध्ये अंतिम फेरीत ते आघाडीवर होते. एका गोळीला ७.६ गुण पडले आणि ते चौथे आले. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५९० गुणांनिशी सातवे राहून त्यांनी अंतिम फेरी गाठली. १ ऑगस्ट २०२४ च्या त्या फेरीत, गुडघ्यावर बसून मारण्याच्या पहिल्या टप्प्यानंतर ते सहावे होते. अखेर ४५१.४ गुणांनी ते तिसरे आले आणि या प्रकारातले भारताचे पहिले ऑलिंपिक पदक घेऊन परतले. हांगचौची ती एक गोळी म्हणजेच आपली लायकी असे त्यांनी मानले असते, तर पॅरिस उजाडलेच नसते. जगातले उत्तम नेमबाजही चुकीची गोळी मारतात. आपल्यात आणि त्यांच्यात फरक पडतो तो तिच्यानंतरच्या गोळीला.

हेच मी घरी पाहिले आहे. माझे वडील राजवाड्याचे गवई. संस्थान १९४९ साली विलीन झाले, तरी सणासमारंभाच्या बैठकींची सेवा त्यांच्याकडे राहिली. दरबारी गवयाला “आज गळा नाही” म्हणण्याची सोय नसते. मैफल ठरलेल्या वेळी बसणार आणि ऐकणारे जाणते असणार. गळा जड असला की वडील मंद्र सप्तकात रमणारा राग काढीत, आलाप वाढवीत आणि तानांना फाटा देत. श्रोत्यांना वाटे, आज बुवांना विस्ताराची लहर आली. लहर कसली, तो वाईट दिवसासाठी राखून ठेवलेला शिधा होता! संगणकाच्या खेळातही असा शिधा बांधता येतो. प्रतिस्पर्धी जिथून डोके काढील त्या जागी, त्या उंचीवर निशाणी आधीच धरून ठेवली, तर हाताला ऐनवेळी फार धावावे लागत नाही. चपळाईची उणीव अंदाजाने भरून निघते.

आणि जे स्थिर राखता येते ते स्थिर राखावे. पावसाळ्यात तंबोऱ्याच्या तारा उतरतात, तेव्हा आपण त्या पुन्हा त्याच स्वराला मिळवितो. गळा बसला म्हणून एखादे दिवशी अर्धी पट्टी उतरणे निराळे, पण रोज पट्टी बदलणाऱ्या शिष्याला आपला षड्ज कुठे बसतो हे जन्मात कळत नाही. माऊसचा वेग ही खेळाडूची पट्टी. ती एकदा ठरवावी आणि काही महिने तिला हात लावू नये. बैठकीची उंची, खेळण्याची वेळ, झोप यांनाही शिस्त असावी. दमट हवेत माऊसखालची चटईसुद्धा ओढ धरते, तेव्हा दोष हाताचाच आहे असे गृहीत धरू नये. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे नुसत्या सरावाची, त्यांचा हिशेब धरायचा नाही. आणि हात चालत नसेल त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त नव्हे, नेहमीइतकेच खेळून उठावे. बसलेल्या गळ्यावर चार तास रियाज करणारा दुसऱ्या दिवशी उरलासुरला गळाही घालवून बसतो.

यात आईबापांचा आणि आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. परीक्षेच्या एका सकाळी, स्पर्धेच्या एका संध्याकाळी मुलाचे मोल ठरविण्याची आपल्याला सवय झाली आहे. वाईट दिवशी आपण त्याला रागे भरतो आणि चांगल्या दिवशी डोक्यावर घेतो. दोन्हींमुळे तो एकच धडा शिकतो, की आपण म्हणजे आजचा आकडा. अशी मुले तयारी नसल्यामुळे विद्या सोडीत नाहीत. हाती तयारी असताना, एका वाईट आठवड्यापायी ती उठून जातात. माझ्या क्लासातून गेलेली अशी मुले मला अजून आठवतात.

विद्यार्थ्याचा उत्तम दिवस पाहून टाळ्या वाजविणे सोपे आहे. गुरूने पाहावा तो त्याचा वाईट दिवस, आणि गेल्या वर्षीच्या वाईट दिवसाहून तो थोडा बरा झाला आहे काय, एवढेच विचारावे. तसे झाले असेल तर रियाज चालू आहे असे समजावे, मग तो तंबोऱ्यापुढचा असो, रायफलीवरचा असो, की जनवाड्याच्या माडीवरल्या संगणकापुढचा असो.