गरिबाची नादारी

घेतलेलें कर्ज फेडावें, ह्याविषयीं आमचा व आमच्या व्यापारी वाचकांचा यत्किंचितही मतभेद नाहीं. बाजार उधारीवर चालतो आणि उधारी शब्दावर चालते. शब्द फिरूं लागले तर उद्यां प्रामाणिक गिऱ्हाइकालाही कोणी उधार देणार नाहीं. प्रश्न निराळा आहे. ज्याच्याजवळ फेडण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं, व पुढेंही कित्येक वर्षें उरण्याचा संभव नाहीं, अशा माणसाचें काय करावयाचें? त्याला जन्मभर दाराआड लपावयास लावावयाचें, कीं एकदां त्याचा हिशेब न्यायासनापुढें मिटवून त्यास पुन्हा धंद्यास लागूं द्यावयाचें?

हा प्रश्न आमच्यापुढें पुण्यांतील एका शिंप्यानें आणून ठेविला. बायकोच्या दुखण्यांत त्यानें तीन ठिकाणीं मिळून एक लाख वीस हजार रुपये काढले: कांहीं गटाला कर्ज देणाऱ्या एका संस्थेचे, कांहीं एका खासगी सावकाराचे, कांहीं मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या एका कंपनीचे. तो आंकडा आज व्याजदंडासह पावणेदोन लाखांवर गेला आहे. शिलाईचें उत्पन्न महिना बारा-तेरा हजार. त्यांत भाडें, धान्य आणि दोन मुलांच्या वह्यापुस्तकें. सावकाराजवळ परवाना नाहीं, आणि परवान्यावांचून सावकारी करणें हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण हें त्या शिंप्यास कोणीं सांगितलें नव्हतें. एका धनकोचा हुकूमनामा झालेला, दुसऱ्याचा वसुलीचा मनुष्य रोज सकाळीं दारांत. त्यानें आम्हांस विचारलें, "वकीलसाहेब, मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या तरी सुटतात म्हणे. तो कायदा आमच्यासाठीं नाहीं का?"

कायदा आहे. मुंबई शहरापुरता १९०९ चा आणि बाकीच्या मुलखासाठीं १९२० चा, असे नादारीचे दोन कायदे इंग्रजी अमदानींत झाले. २०१६ च्या नव्या संहितेनें ते रद्द व्हावयाचे आहेत. परंतु रद्द करणारें तें कलमच अंमलांत न आल्यामुळें सामान्य माणसाला आजही त्यांचाच आश्रय आहे. पुण्याच्या शिंप्यानें अर्ज करावयाचा तो जिल्हा न्यायालयांत. देणें फेडण्याची ऐपत नसावी आणि एकूण कर्ज पांचशें रुपये किंवा अधिक असावें, अथवा हुकूमनाम्याच्या बजावणींत अटक वा जप्ती झालेली असावी, एवढें पुरे. अर्जांत प्रत्येक धनकोचें नांव, पत्ता व रक्कम लिहावयाची, आणि आपली चीजवस्त कोठें व काय किमतीची आहे तें लपवाछपवी न करतां सांगावयाचें. ह्यासाठीं कोणाही सावकाराची संमति लागत नाहीं. नादारीचा हुकूम झाला म्हणजे मिळकत न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यांत जाते, आणि बिनतारणी धनकोंस न्यायालयाच्या परवानगीवांचून निराळा दावा चालवितां येत नाहीं. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागतां येतो. गहाण घेणाऱ्याचा तारणावरचा हक्क मात्र तसाच राहतो.

घरांत जप्ती येऊन स्वयंपाकाचीं भांडीं नेतील, ह्या भीतीनें पुष्कळ लोक नादारीचें नांव काढीत नाहींत. ही भीति अज्ञानाची आहे. अंगावरचे कपडे, भांडीं, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीनें स्त्रीनें अंगावेगळा करूं नये असा दागिना आणि कारागिराचीं अवजारें ह्यांस दिवाणी व्यवहार संहितेनें जप्तींतून वगळलें आहे, व जें जप्तींतून वगळलें तें नादारींतही वगळलेलें आहे. आमच्या शिंप्याचें यंत्र त्याचेंच राहतें. अटकेची गोष्टही तशीच. ऐपत असून बुद्ध्या न देणारा निराळा व खरोखर असमर्थ निराळा, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालीं जॉली जॉर्ज वर्गीस ह्यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें. केवळ गरिबीबद्दल कोणास दिवाणी तुरुंगांत घालतां येत नाहीं. शिवाय पैशाच्या हुकूमनाम्यांत पकडून आणलेल्या ऋणकोस, "तुला नादारीचा अर्ज करतां येईल," असें न्यायालयानें आपण होऊन सांगावें, असा त्याच संहितेचा दंडक आहे. तो कितपत पाळला जातो, हें आमच्या वकीलबंधूंनींच मनाशीं आठवून पाहावें.

आतां ज्या ठिकाणीं गरीब मनुष्य हमखास ठेंचाळतो तें सांगतों. नादार ठरणें म्हणजे कर्जांतून सुटणें नव्हे. नादारीचा हुकूम देतांना न्यायालय एक मुदत घालून देतें, आणि त्या मुदतींत मुक्ततेसाठीं दुसरा अर्ज करावा लागतो. पहिला हुकूम हातीं पडला कीं आमचा मनुष्य निश्चिंत होतो, वकिलाची उरलेली फी देण्यास पैसे नसतात, मुदत निघून जाते आणि केलेली नादारी रद्द होऊन सर्व धनको पुन्हा दारांत उभे राहतात. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणें, लबाडीनें केलेलें कर्ज व बायकामुलांची पोटगी हीं सुटत नाहींत, आणि तीं सुटूं नयेत हें योग्यच आहे. कर्जाच्या तारणादाखल कोरा चेक सही करून दिला असेल तर त्यावरचा फौजदारी खटलाही ह्या हुकुमानें आपोआप थांबत नाहीं. म्हणून कोरा चेक देणाऱ्यानें आपल्या नादारीची अर्धी वाट आधींच बंद केली, असें समजावें.

व्यापारी म्हणतील कीं, अशानें लबाडांचें फावेल. परंतु हा कायदा लबाडांस वाटतो तितका भोळा नाहीं. ऋणकोचें वर्तन पाहण्याची वेळ मुक्ततेच्या अर्जाची, नादारीच्या नव्हे, हें प्रिव्ही कौन्सिलनें १९१६ सालींच ठरवून दिलें. नादारीपूर्वीं दोन वर्षांच्या आंत मेहुण्याच्या नांवें केलेली मिळकत रद्द करवितां येते. तीन महिन्यांच्या आंत एकाच लाडक्या धनकोचें भरलेलें देणें परत ओढतां येतें. मालमत्ता दडविणारास एक वर्षापर्यंत कैद आहे. आणि व्यापाऱ्यांनीं आपलें स्वतःचें हितही पाहावें. आज बुडत्या माणसाकडून पैसा कोणास मिळतो? जो दारांत आरडाओरडा करतो त्याला. ज्या वाण्यानें भिडेखातर सहा महिने धान्य उधार दिलें, त्याच्या वहीवर बाकी तशीच राहते. नादारींत उलट आहे: असेल तें सर्व बिनतारणी धनकोंत प्रमाणानें वांटलें जातें, आणि त्यांत किराणा देणाऱ्याचाही वांटा निघतो.

ह्या कायद्यांत जें अन्यायाचें आहे तें निराळेंच आहे. नादाराच्या मिळकतींतून बिनतारणी कर्जाच्या रुपयामागें आठ आणेही निघत नसतील, तर ही स्थिति आपल्या दोषानें आली नाहीं असें त्यानें न्यायालयास पटवावें लागतें. न पटल्यास त्याला बिनशर्त मुक्तता मिळत नाहीं. २०१६ च्या संहितेखालीं ज्या बुडीत कंपन्यांच्या योजना मंजूर झाल्या, त्यांत धनकोंच्या मान्य दाव्यांपैकीं एकंदरींत सुमारें एक तृतीयांश रक्कम हातीं आली आहे. म्हणजे रुपयाला पांच आणे. कंपनीचे भागीदार भागाच्या रकमेपलीकडे जबाबदार नसतात, ते त्याच दिवशीं दुसरी कंपनी काढूं शकतात. आणि आठ आण्यांचा जाब द्यावयाचा तो शिंप्यानें!

अल्प उत्पन्नाच्या माणसासाठीं म्हणून २०१६ च्या संहितेंत "नवी सुरुवात" नांवाचें एक प्रकरण घातलेलें आहे. कल्पना उत्तम आहे: अर्ज दाखल होतांच वसुली थांबावी, मंजूर झाल्यावर १८० दिवस तपासणी चालावी व शेवटीं पात्र कर्जांतून मुक्तता व्हावी. पण पात्रता पाहा. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आंत, मालमत्ता २०,००० च्या आंत, पात्र कर्ज ३५,००० च्या आंत, आणि स्वतःचें घर नको. साठ हजार म्हणजे महिना पांच हजार, दिवसाला १६४ रुपये. आमच्या शहरांत चार घरचीं धुणींभांडीं करणारी बाईही ह्या मर्यादेबाहेर पडते. आणि जो खरोखर १६४ रुपयांवर जगतो, त्याला ३५,००० च्या आंतलें कर्ज मिटविण्यासाठीं जावयाचें कोठें, तर कर्जवसुली न्यायाधिकरणांत! हीं न्यायाधिकरणें १९९३ च्या कायद्यानें बँकांच्या वसुलीसाठीं निघालीं, आणि साऱ्या महाराष्ट्रांत तीं चारच शहरांत आहेत. गडचिरोलीच्या मजुरानें त्यासाठीं नागपूर गांठावें. बरें, गांठूनही उपयोग नाहीं. कारण व्यक्तींविषयींचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांपुरता. बँकांना ज्यांच्याकडून वसूल करावयाचें होतें त्यांच्यापुरती संहिता जागी झाली. ज्यांना सोडवावयाचें होतें त्यांच्या वाट्याची ती अद्याप निजलेली आहे.

ज्या इंग्रजांनीं आम्हांस १९०९ व १९२० चे कायदे दिले, त्यांनीं आपल्या घरीं काय केलें? तेथें दिवाळखोरीच्या अर्जास ६८० पौंड पडतात. इतके पैसे असते तर मनुष्य दिवाळखोर कशाला झाला असता, हें ओळखून २००९ पासून इंग्लंड-वेल्समध्यें अल्प उत्पन्नवाल्यांसाठीं न्यायालयाबाहेरची एक स्वस्त वाट काढिली. तिची ९० पौंडांची फीही २०२४ च्या एप्रिलांत रद्द केली, आणि त्याच वर्षीं जूनअखेर कर्जाची मर्यादा ३०,००० वरून ५०,००० पौंडांवर नेली. आमच्याकडे १८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तेव्हां परक्या सरकारनें चार वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा केला व पैशाच्या हुकूमनाम्यांत शेतकऱ्याची अटक बंद केली. लोकांनीं निवडलेल्या सरकारास स्वतःच केलेल्या कायद्याचीं कांहीं कलमें लागू करण्यास एवढी वर्षें लागावीं, हें आम्हांस शोभत नाहीं. मर्यादा आजच्या मजुरीस धरून वाढवाव्या, अर्ज तालुक्याच्या दिवाणी न्यायालयांत घेण्याची सोय करावी, आणि हें प्रकरण लागू करावें, एवढें संसदेनें व केंद्र सरकारनें केलें पाहिजे. तोंवर १९२० चा कायदा तरी लोकांनीं वापरावा. अल्प उत्पन्नवाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. स्त्रियांस आणि अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांस तर उत्पन्नाची अटही नाहीं.

शिंप्यास आम्हीं हें सर्व सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, "पण नांव छापून येतें ना?" येतें. नादारीचा हुकूम सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध होतो. त्याच्या थोरल्या मुलीचें लग्न जमावयाचें आहे. पूर्वीं दिवाळें निघालेला व्यापारी भर दिवसा दिवा लावून बसे म्हणतात; ती रीत गेली, पण त्या दिव्याची धास्ती शंभर रुपयांच्या उधारीवाल्याच्याही मनांतून गेलेली नाहीं. शाळेंत फीमाफीलाही आपण नादारीच म्हणत होतों, आणि तिच्यावर शिकून कित्येक लोक न्यायाधीश झाले. १९२० च्या कायद्याच्या ७४ व्या कलमांत, ज्याची मिळकत ५०० रुपयांवर जाण्याचा संभव नाहीं त्याच्यासाठीं थोडक्यांत चौकशीची तजवीज आहे, आणि तींत न्यायालयानें उलट हुकूम केला नाहीं तर गॅझेटांत नोटीस छापीत नाहींत. १९२० सालीं पांचशें रुपये ही गरिबाच्या हिशेबीं मोठी रक्कम होती. आज त्यांत गॅसची टाकीही भरून येत नाहीं, आणि आंकडा मात्र तोच आहे. आमच्या शिंप्याचें यंत्र व भांडीं वगळलीं तर मागें एक जुना टेबलपंखा आणि एक लोखंडी कपाट राहतें. कपाटाची किंमत काय धरावी, ह्यावर त्याची लाज राहणें न राहणें आहे. येत्या सोमवारीं तो मोडवाल्यास घरीं बोलावून भाव विचारणार आहे.